गारांच्या शुक्रवारचा फोन

बहारीनला थंडी पडते हे गावी कधीच कुणाला पटलं नाही. आखात म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तापलेली वाळू आणि एक उंट उभा राहतो. उंट मला तिथे क्वचितच दिसला, थंडी मात्र दर वर्षी न चुकता भेटायला यायची. उत्तरेकडून वारा सुटला की तो सरळ शर्टातून आत शिरत असे. आमच्या कोकणात धडधाकट माणसाने स्वेटर घातला की लोक विचारतात, बरं नाही का. त्यामुळे मी स्वेटर नेलाच नव्हता. पहिले दोन हिवाळे मी एकावर एक दोन शर्ट घालून काढले आणि तिसऱ्या हिवाळ्यात मुकाट्याने जिदहफ्सच्या बाजारातून एक करडा स्वेटर आणला. त्याच हिवाळ्यातली ही गोष्ट आहे. सौदीला जोडणारा पूल तेव्हा व्हायचा होता.

मी एसी मेकॅनिक होतो. उन्हाळ्यात आम्हाला देवासारखा मान. थंडीत आमच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे, म्हणून कंपनी आम्हाला माहूजच्या इमारतींमध्ये पाठवून खिडक्यांतले एसी उतरवून घ्यायची आणि गच्चीवर पाइपाच्या पाण्याने धुऊन काढायला लावायची. त्या पाण्यात बोटं अशी बधिर होत की संध्याकाळी शर्टाची बटणं निघत नसत.

कामावरच्या पहिल्या आठवड्यात माझी एक फजिती झाली होती. आमचा फोरमन बहारीनीच होता. एक मशीन गार हवा देईना, तेव्हा त्याने पाइपाला हात लावला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “गॅस मफी.” मला वाटलं, गॅसच्या वतीने माफी मागतोय. मोठ्या माणसाने माफी मागावी आणि आपण ताठ राहावं हे बरं नव्हे, म्हणून मी छातीवर हात ठेवून म्हणालो, “कोई बात नहीं, साब.” तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मफी म्हणजे नाही, शिल्लक नाही, जागेवर नाही, हे मला दुपारच्या जेवणाला कळलं, आणि तोवर ते सगळ्या कंपनीला कळलेलं होतं. पुढे तो शब्द माझ्याही जिभेवर असा बसला की पाणी मफी, लाइट मफी, सुट्टी मफी, असं दिवसभर चालायचं.

त्या हिवाळ्यात माझा करार संपत होता. ऑफिसातल्या क्लार्कने सांगितलं होतं, “रिन्यू करायचं की कॅन्सल, ते शनिवारी सकाळी सांग. नंतर ऐकणार नाही.” रिन्यू केलं तर आणखी दोन वर्षं. खरं सांगायचं तर मला घरी जायचं होतं. लग्न होऊन चार महिने होत नाहीत तोच मी निघालो होतो, आणि मध्ये एकदाच रजेवर गेलो होतो. बायकोशी माझी नीट ओळखसुद्धा झाली नव्हती. पण गावी घराचा अर्धा चिरा लागला होता, अर्धा लागायचा होता, आणि थोरल्या भावाने सगळा हिशेब मी तिथे राहणार असा धरला होता. त्याला तोंडावर ‘येतो’ म्हणण्याची माझी छाती नव्हती. मी बायकोला लिहिलं, तू सांगशील तसं करतो. ती ‘या’ म्हणाली असती तर मला तेवढा आधार पुरला असता. शनिवारी क्लार्कला कॅन्सल सांगून मी पुढच्या महिन्यात घरी गेलो असतो.

पण ही गोष्ट तिने पत्रात लिहायची कशी? आमची पत्रं म्हणजे गावचं वर्तमानपत्र. माझं पत्र आलं की भाऊ ते रात्रीच्या जेवणानंतर ओटीवर बसून मोठ्याने वाचणार, आई ऐकणार, वहिनी ऐकणार, विडी ओढायला आलेला शेजारी ऐकणार. तिचं पत्रही भावाच्या हातूनच पोस्टात पडायचं. त्यामुळे तिच्या पत्रात भात, गाय, पाऊस आणि सर्वांचे आशीर्वाद यापलीकडे काही नसे. माझा प्रश्नही ओटीवर वाचला गेला असणार, या विचाराने मला आधीच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तिचं उत्तर आलं ते तसंच, भाताचं आणि गाईचं. फक्त खाली, पाकीट चिकटवताना घाईने घातलेल्या दोन ओळी होत्या. शुक्रवारी सकाळी तालुक्याच्या पोस्टातून पीपी कॉल लावते. तुम्हीच घ्या.

पीपी कॉल म्हणजे ज्याच्यासाठी लावला तोच माणूस समोर असेल तर जोडायचा कॉल. ऑपरेटर आधी नाव विचारणार, तो माणूस आहे अशी खात्री करणार, आणि मगच पलीकडच्याला बोलू देणार. मी गावी दिलेला नंबर आमच्या गल्लीतल्या कोल्ड स्टोअरचा होता. बहारीनमध्ये वाण्याच्या दुकानाला कोल्ड स्टोअर म्हणतात. दुकानदार केरळचा होता, स्वभावाने तापट आणि मनाने मऊ. त्याच्या फोनवर सगळ्या गल्लीचे फोन यायचे, म्हणून तिने पीपी लावायचं ठरवलं असणार. ‘तुम्हीच घ्या’ हे दोन शब्द मी किती वेळा वाचले, ते सांगायची आता लाज वाटते.

शुक्रवार तिथे सुट्टीचा. खोलीत आम्ही चौघे असायचो, पण त्या दिवशी दोघांची शिफ्ट होती आणि तिसरा रजेवर गावी गेलेला. मी उजाडताच अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला, वर स्वेटर घातला आणि भांग पाडला. फोनवर भांग दिसत नाही हे मला माहीत होतं, तरी पाडला. आणि जाऊन दुकानातल्या तांदळाच्या गोणीवर बसलो.

आभाळ आदल्या दिवसापासूनच बिघडलं होतं. समुद्राच्या बाजूने काळंभोर काहीतरी वर चढत होतं आणि वारा एवढा गार की दुकानदाराने दार अर्धं ओढून घेतलं होतं. पाव न्यायला आलेला एक म्हातारा बहारीनी म्हणाला की वर इराणच्या डोंगरांत बर्फ पडलंय, रस्ते बंद झालेत, तेच आता आपल्याकडे येतंय. दुकानदार हसला. “इधर बर्फ? फ्रीजर में है, कितना चाहिए?” म्हाताऱ्याने वर बोट दाखवलं, ‘इंशाल्ला’ म्हणाला आणि डोक्यावर पिशवी धरून निघून गेला.

तो कोपऱ्यावर पोचायच्या आत वीज कडाडली. मग पाऊस आला. कोकणातल्या माणसाला पावसाचं काय एवढं, असं वाटेल. पण आमचा पाऊस जमिनीला ओळखतो. तो पडतो, वाहतो, ओहोळाला मिळतो. तिथल्या पावसाला जायला वाटच नव्हती. रस्त्याला गटारं नाहीत, उतार नाही. बघता बघता गल्लीत घोट्यापर्यंत पाणी साचलं. आणि मग पत्र्यावर कुणी खडीचा ट्रक ओतावा तसा आवाज सुरू झाला. दुकानापुढच्या पत्र्यावरून पांढरे गोळे उड्या मारत पायरीवर येऊन पडले. काही करवंदाएवढे, काही आवळ्याएवढे.

गारा मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. घाटावरच्या लोकांकडून ऐकलं होतं तेवढंच. दुकानदारानेही पाहिल्या नव्हत्या. तो दारात उभा राहून ओरडला, “अरे, ऊपर से कौन फेंकता है?” समोरच्या घरातल्या बायका हसत तसराळी घेऊन गच्चीवर गेल्या. पाच मिनिटांत गल्लीच्या कडेला पांढरी रेघ उमटली. इतका सुंदर देखावा मी त्या देशात दुसरा पाहिला नाही. आणि तो दाखवायला माझ्याजवळ कुणी नव्हतं. आता फोन आला की आधी तिला हेच सांगायचं, असं मी ठरवून टाकलं.

तेवढ्यात पाणी दुकानाच्या पायरीवर चढलं. दुकानदाराचा मोठा फ्रीजर दाराशीच होता आणि त्याचा प्लग खाली जमिनीलगत. “करंट लगेगा! तुम मेकॅनिक है, कुछ करो!” असं तो किंचाळायला लागला. मेन स्विच मागच्या बाजूला, गोदामाच्या भिंतीवर. मी फोनकडे पाहिलं, त्याला म्हणालो, “फोन आला तर सोडू नको,” आणि मागच्या दाराने बाहेर पडलो. डोक्यावर गारा अशा बसत होत्या की जणू कुणी टपल्या मारतंय. स्विच पाडला. पेटीचं झाकण वाऱ्याने उडू नये म्हणून एका तारेने ते बांधत होतो, तेवढ्यात आतून हाक आली.

“तुम्हारा फोन! इंडिया! भागो!”

मी धावलो. मागच्या पायरीवर गारांचा थर होता. त्यावरून पाय सटकला आणि मी सपशेल आडवा झालो. उठलो, एक चप्पल तिथेच राहिली, अंधाऱ्या दुकानातून गोण्यांना धडकत फोनपाशी पोचलो. दुकानदार रिसीव्हरमध्ये “वेट, वेट” म्हणत होता. मी तो हिसकावून कानाला लावला. छाती भात्यासारखी चालली होती.

पलीकडे बहारीनची ऑपरेटर बाई होती. तिने माझं नाव तिच्या पद्धतीने मोडून-तोडून उच्चारलं आणि विचारलं, “मौजूद?”

हा शब्द मला कळला. तो त्यांचाही आहे आणि हिंदीतलाही. मला म्हणायचं होतं, हो बाई, मौजूद आहे, उशीर झाला, तुम्हाला ताटकळत ठेवलं. पण धाप लागलेली, वर पत्रा बडवतोय, आणि बाईमाणसाला थांबवून ठेवल्याचा संकोच. तोंडून एवढंच बाहेर पडलं, “माफी... माफी...”

“मफी?” ती म्हणाली. “जैन. खलास.” म्हणजे बरं, संपलं. आणि कट् असा आवाज आला.

काय झालं ते कळायला मला श्वास घेण्याइतका वेळ लागला. आयुष्यात तो शब्द मी हजार वेळा बरोबर वापरला, आणि नेमका त्या क्षणी माझी जीभ पहिल्या आठवड्यातल्या त्या बावळटाकडे परत गेली. मी आहे का असं तिने मला विचारलं, आणि मी स्वतःच्या तोंडाने तिला दोनदा सांगितलं, मी नाही.

मी रिसीव्हरमध्ये ओरडलो, “हॅलो, मौजूद! मैं हूं! मौजूद!” दुकानदार घाबरून माझ्याकडे बघत राहिला. नंतर मोठी वीज पडली, आणि फोनमधली घरघरसुद्धा बंद झाली. त्याने रिसीव्हर घेऊन ऐकला, दोनदा बटण दाबलं आणि हळूच खाली ठेवला. “लाइन मर गया,” तो म्हणाला.

तरी मी उठलो नाही. काय सांगावं, लाइन सुरू होईल, ती पोस्टात बसून असेल, परत लावील. गारा थांबल्या. कडेची पांढरी रेघ विरघळून राखाडी पाणी झालं. दुकानदाराने स्टोव्हवर बिनदुधाचा चहा केला आणि न विचारता माझ्या हातात दिला. लोक येत होते, मेणबत्त्या मागत होते, मेणबत्त्या मफी, असं तो त्यांना सांगत होता. प्रत्येक वेळी तो शब्द ऐकला की मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे. तालुक्याचं पोस्ट बंद झालं असेल, शेवटची एसटी सुटली असेल, असं मनात सगळं होऊन गेलं, तेव्हा मी खोलीवर गेलो. छपरातून तिघांच्याही खाटांवर पाणी गळलं होतं. माझीच तेवढी कोरडी होती. तिच्यावर पडून मी रडलो. खोलीत कुणी नव्हतं, त्यामुळे आवाज दाबायचीही गरज नव्हती.

शनिवारी क्लार्ककडे गेलो. फोन अजून बंदच होते. मी चार दिवस मागितले. तो म्हणाला, “खलास, तुझ्या जागेवर दहा जण उभे आहेत.” मी विचार केला, तिने काय ठरवलं असेल? घराचं काम अर्धं आहे, सगळे डोळे लावून बसलेत, ती तरी ‘या’ कशी म्हणेल? ‘राहा’ म्हणणार होती, हे मी माझं मलाच पटवलं आणि सही केली.

तिचं पत्र आलं ते नेहमीसारखंच, भाताचं आणि गाईचं. त्यात एक वाक्य वेगळं होतं. ‘फोनवर आपण नव्हता असे समजले. आपणास योग्य वाटेल तसे करावे.’ मी उत्तर लिहायला बसलो, पण लिहिणार काय? मफी आणि माफीचा घोटाळा ओटीवर वाचला गेला असता, तर सगळं गाव वर्षभर हसलं असतं, आणि तिला त्या हसण्यात उभं राहावं लागलं असतं. मी लिहिलं, ‘वादळामुळे लाइन तुटली.’ तेही खोटं नव्हतंच. पण त्यानंतर तिच्या पत्रांतले आशीर्वादसुद्धा आखडले. खालच्या त्या घाईच्या ओळी पुन्हा कधी आल्या नाहीत. पाकीट उघडलं की मी आधी तळ बघायचो, आणि कोरा तळ बघून मग वरचं भाताचं वाचायचो. दोन वर्षांत मी तिच्याशी मनातल्या मनात जेवढं बोललो, तेवढं पुढे आयुष्यात कधी बोललो नाही. गच्चीवर एसी धुताना माझे ओठ हलतात, म्हणून हेल्पर लोक मला चिडवायचे.

दोन वर्षांनी घरी आलो. नव्या चिऱ्यांचं घर छान झालं होतं. ती सगळं वेळच्या वेळी देत होती, पाणी, जेवण, पंचा, आणि पाहुण्याशी बोलावं तसं बोलत होती. असे बरेच दिवस गेले. मग एकदा दुपारी घरात दुसरं कुणी नव्हतं. ती खळ्यात आमसुलं वाळत घालत होती. मी तिथे जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. गारा, फ्रीजर, राहिलेली चप्पल, ऑपरेटर बाई. बाईची मी नक्कलही केली. ती हसेल असं मला वाटलं होतं.

ती हसली नाही. हातातलं आमसूल तसंच धरून तिने विचारलं, “म्हणजे तुमी थंय होतास?”

“होतंय,” मी म्हणालो. “सकाळपासून बसललंय.”

“माका वाटला, तुमका बोलूचाच नाय. म्हणान ‘मी नाय’ म्हणान सांगितलास.”

मी विचारलं, “तू काय सांगणार होतीस?”

“या म्हणान सांगणार होतंय. आणि काय?”

तिने आमसुलं एकेक करून उलटी केली. मग माझ्याकडे न बघताच बोलायला लागली.

“पोस्टातलो मास्तर विचारी, कोणाक लावचो, नाव सांगा. मी म्हटलंय, चिठीवर लिवन देतंय. तो म्हणालो, लिवन चालाचा नाय, मुंबयच्या ऑपरेटराक तोंडान सांगूक होया. पोस्टात सगळी माणसां. लग्नातलो उखाणो सोडलो तर तुमचा नाव माज्या तोंडात कधी इला नाय. थंय मी तीनदा घेतलंय. मुंबयक ऐकाक जायना म्हणान मोठ्यान घेतलंय. सगळी माणसां माज्याकडे बघी होती. आणि मगे मास्तर म्हणालो, बाये, तो मानूस नाय म्हणतत.”

मी म्हणालो, “आता घे ना नाव एकदा. आता मी आहे.”

तिने मानेनेच ‘नाही’ म्हटलं. रिकामं सूप उचललं आणि आत गेली.